कच्चं मडकं

मंडळी, गोरोबाकाकांच्या तेरमध्ये येऊन श्रद्धेवर बोलायचं म्हणजे कुंभाराच्या दारात मडकी विकायला बसल्यासारखं आहे. पण बोलावलंत, तर बोलतो.

श्रद्धा म्हणजे श्रत् अधिक धा. श्रत् म्हणजे सत्य, धा म्हणजे ठेवणं. ‘हे खरं’ असं धरून त्यावर आपला भार टाकणं. ‘देव आहे’ एवढं नुसतं म्हणणं हे मत झालं. मताला पदरचं काही घालावं लागत नाही. नवसाचंही तसंच. तू दे, मग मी देतो, हा व्यवहार. असो.

भार टाकायचा तो कशाच्या जोरावर? खरं काय ते कळायच्या साधनांना प्रमाणं म्हणतात. देव न मानणाऱ्या चार्वाकांनी प्रत्यक्षापलीकडे, म्हणजे इंद्रियांना कळतं त्यापलीकडे, काही मानलं नाही. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांनी, प्रत्यक्ष, अनुमान म्हणजे तर्क, उपमान म्हणजे साम्यावरून ओळखणं, एवढं मानलं आणि चौथं प्रमाण मानलं ‘शब्द’. म्हणजे आप्तवाक्य, जाणत्या आणि खोटं न बोलणाऱ्या माणसाचं सांगणं. आपल्यातल्या बहुतेकांची श्रद्धा या चौथ्या खांबावर उभी असते. आजी म्हणाली म्हणून आपण हात जोडले. आजी खोटं बोलत नसे, हाच पुरावा. यात लाजण्यासारखं काही नाही. पण हा खांब कधीतरी वाजवून बघावा लागतो.

ती कथा तुम्हाला पाठच आहे. संत जमलेले, मुक्ताबाई म्हणाल्या, काका, यातली मडकी कच्ची कुठली, पक्की कुठली ते सांगा. काकांनी मडकी ठोकायचं लाकडी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळे गप्प. नामदेव तेवढे चिडले. कच्चं मडकं!

मला नेहमी नामदेवांची बाजू घ्यावीशी वाटते. डोक्यात थापटणं बसल्यावर कोण ओरडणार नाही? आणि हा कोण, तर ज्याच्या हातचा नैवेद्य विठ्ठल जेवला तो. प्रत्यक्ष प्रमाण त्याच्याइतकं कुणाकडे होतं? तरी कच्चा. म्हणजे देव दिसणं हाही श्रद्धेचा पक्का पाया नव्हे, असं ही कथा रचणाऱ्यांना म्हणायचं होतं. मला हे फार धाडसाचं वाटतं. चमत्कारावर श्रद्धा उभी करणाऱ्यांना यात जागाच नाही.

पुढे नामदेव औंढ्या नागनाथाला गेले. तिथं विसोबा खेचर, पुढे त्यांचे गुरू झाले ते, पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव संतापले, तेव्हा विसोबा म्हणाले, बाबा, देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय नेतील तिथं खाली पिंड.

देव सगळीकडे आहे, हे असं कळलं. मग पंढरीला परत कशासाठी जायचं? पण नामदेव गेले. महाद्वारात त्यांच्या नावाची पायरी आहे. संतांचे पाय लागावेत म्हणून ते तिथं राहिले म्हणतात, आणि वारकरी तिच्यावर डोकं टेकतो, पाय तेवढा ठेवत नाही.