फोटोच्या मागची भिंत

(पडद्यावर कृष्णधवल फोटो. कडा पिवळ्या पडलेल्या.)

हा आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरातला फोटो. 1974 साली आत्याचं लग्न झालं, त्या दिवशीचा. नऊ माणसं दाटीवाटीनं बसलीत, उजवीकडून दुसरी आमची आज्जी. लहानपणापासून हा फोटो आम्ही माणसं ओळखायला काढायचो. हा कोण, ती कोण, कोण गेलं, कोण पुण्याला असतं. माणसांच्या मागं काय आहे, ते मी पहिल्यांदा नीट बघितलं ते गेल्या वर्षी.

मागं सोपा आहे, म्हणजे ओसरी. लाकडी खांब, खांबाखाली दगडी तळखडा. भिंतीत देवळी, देवळीत कंदील. आणि आज्जीच्या खांद्यावर उजेडाचा एक चौकोन. छपरात एक काचेचं कौल होतं, त्याचा तो कवडसा. फोटो काढणाऱ्यानं फ्लॅश मारला नाही, म्हणून तो राहिला.

घर मात्र राहिलं नाही. वाटण्या झाल्या, पाडलं.

(मोबाइलवर एकामागून एक सरकणारे फोटो.)

आता भाऊ वडगावात घर बांधतोय. त्याच्या मोबाइलमध्ये दोनशेवर फोटो. पांढऱ्या फरश्या, छतात लपवलेले दिवे, टीव्हीमागं संगमरवर. सुंदर आहेत, मलाही आवडले. पण खोल्यांचे फोटो बहुतेकदा रुंद भिंगानं काढलेले असतात, त्यात दहा बाय बाराची खोली दिवाणखान्याएवढी दिसते. कडेचा सोफा ताणल्यासारखा वाटला की समजायचं. म्हणून फोटोत मी आधी सावली शोधते. खुर्चीची सावली कुठं पडलीय, म्हणजे खिडकी कुठं आहे. मग माप माहीत असलेली एखादी वस्तू शोधते.

आमच्या जुन्या फोटोत ती वस्तू सापडली. खांबाला टेकून तांब्याची घागर ठेवलीय. ती अजून आईकडं आहे. मोजली, 14 इंच भरली. मग फोटोवर पट्टी ठेवून बघितलं, खांब किती घागरींचा? सहा. म्हणजे 7 फूट. पाडलेल्या घरातलं एक माप असं एका घागरीनं परत मिळालं. त्या दिवशी मला झोप लागली नाही.

(किल्ला. कमल बस्ती.)

बेळगावच्या किल्ल्यातली ही कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर. रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचिराज यानं ती 1204 च्या सुमाराला बांधली. गाभाऱ्यात नेमिनाथ. काळसर दगडाचे खांब असे गुळगुळीत, की हात लावला तर गार आणि जवळजवळ ओला वाटतो. वर छताला उलटं लटकलेलं दगडी कमळ.

उभ्यानं बघितलं तर मान अवघडते. मी उताणी झोपले, कॅमेरा छातीवर ठेवला. आत अंधार, म्हणून दोन सेकंद शटर उघडं ठेवलं. फोटोत दिसलं ते डोळ्यांना दिसलं नव्हतं. पाकळ्यांच्या खालच्या कडा उजळलेल्या! उजेड वरून येतच नाही. मंडपाच्या उघड्या बाजूंनी तो जमिनीवर पडतो आणि तिथून उसळून वर जातो. छत उजळायचं तर आधी जमीन बघावी लागते, हे मी त्या फोटोवरून शिकले. भावानं छतातल्या दिव्यांचा खर्च कमी केला आणि फिक्या रंगाची फरशी निवडली.

(रिसालदार गल्ली.)

1892 च्या ऑक्टोबरात विवेकानंद बेळगावात आले. त्या मुक्कामातला त्यांचा फोटो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ते ज्या भाटे वकिलांच्या घरी उतरले, ते घर रामकृष्ण मिशननं जपलंय. बेळगावात घर बांधणाऱ्यानं एकदा तिथं जाऊन यावं.

(शहापूरच्या गल्ल्या. चिऱ्याच्या भिंती, कौलं, पाऊस.)

गल्लीतल्या जुन्या घरांचे मी फोटो काढत गेले, आणि सुरुवातीला सगळे बिघडले. खोल्या बुटक्या, कोंदट दिसायच्या. एकदा एका आजींनी चहा दिला म्हणून जमिनीवर बसले, आणि तोच सोपा मोठा झाला! ही घरं खाली बसणाऱ्यांसाठी बांधलेली. देवळी, खिडकीचा कट्टा, सगळं बसलेल्या माणसाच्या हाताशी. तेव्हापासून ट्रायपॉड अडीच फुटांवर.

(बांधकाम.)

सुतार सौंदत्तीकडचा, कन्नड बोलणारा. खांब कसा हवा ते मला त्याच्या भाषेत धड सांगता येईना. आत्याच्या लग्नाचा फोटो पुढं केला. त्यानं तळखड्यावर बोट ठेवलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "चलो ऐती." छान आहे. गवंडीमामा खानापूरचे. त्यांनी कवडसा बघून विचारलं, "हे कौल कशाला काढलासा हो?" उत्तर नव्हतं माझ्याकडं.

नव्या घराला स्लॅब आहे. पण जिन्यावर आम्ही कौलं घातली, त्यात चार काचेची.

(नवं घर. सकाळ.)

पावणेअकराला कवडसा जिन्यावरून खाली उतरतो आणि सोप्यात येतो. आईला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती पाट घेऊन तिथंच बसली, शेंगा फोडायला. उजेड तिच्या खांद्यावर होता.

मी ट्रायपॉड खाली घेतला.