रिकाम्या खोलीतील आवाज

श्रोतेहो, नमस्कार. १९५९ साली स्वीडनमध्ये फ्रीडरिक युर्गेनसन या चित्रकाराने पक्ष्यांचे आवाज ध्वनिफितीवर मुद्रित केले, आणि फीत पुन्हा ऐकताना त्याला तिच्यात चक्क माणसाचे बोलणे ऐकू आले. पुढे लॅटव्हियाचे लेखक कॉन्स्टंटिन राउदिव्ह यांनी असे हजारो आवाज जमवले. हे आवाज मृतांचे आहेत, असे दोघेही मानत. दोघेही बहुभाषक होते आणि त्यांच्या फितींवरचे मृतात्मेही एकाच वाक्यात अनेक भाषा मिसळत, हे मला फार बोलके वाटते.

माझ्या एका स्नेह्यांनी दिवंगत वडिलांच्या बंद खोलीत रात्रभर रेकॉर्डर ठेवला होता. सकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “ऐका, बाबा ‘दार लाव’ म्हणतात.” मी हेडफोन लावला. खरखरीतून दोन अक्षरे वर आली, मग आणखी दोन, आणि माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात दोन सहकारी आत आले. त्यांना काहीही न सांगता तोच तुकडा ऐकवला, तेव्हा एक जण म्हणाले, “कोणी तरी खुर्ची सरकवते आहे.” दुसऱ्यांना ‘वारा आला’ असे ऐकू आले. मग मी ‘दार लाव’ हे शब्द सांगितले, आणि त्या क्षणापासून दोघांनाही तेच ऐकू येऊ लागले. मला तर आजही दुसरे काही ऐकू येत नाही. स्नेही हळूच म्हणाले, “बाबा रोज रात्री हेच सांगायचे.”

बहुतेक छोटे रेकॉर्डर शांतता असली की आपोआप संवेदनशीलता वाढवतात, त्यामुळे फ्रिजची घरघर किंवा दूरची कुजबुजही मोठी होते. त्यावर गोंगाट पुसणारे सॉफ्टवेअर चालवले की नवीच चिवचिव तयार होते. आवाज यंत्रात असतो. त्याचे शब्द बहुधा आपला कान जुळवतो.

म्हणून असे ध्वनिमुद्रण हाती आले, तर शब्द आधी सांगू नका. पुन्हा सांगतो, शब्द आधी सांगू नका. चार जणांना वेगवेगळे बसवून तुकडा ऐकवा, प्रत्येकाला जे ऐकू आले ते कागदावर लिहायला लावा आणि मगच ते कागद शेजारी शेजारी ठेवा.