मंगळवार: आईचा वार

(दृश्य: तुळजापूर, पहाट. महाद्वारातून खाली उतरणाऱ्या पायऱ्या. ओल्या केसांच्या बायका, हातात ओटीचं सामान.)

तुळजाभवानीचं देऊळ डोंगरावर, पण देवीकडे जायचं तर पायऱ्या उतराव्या लागतात. बालाघाटाच्या या खोलगट कुशीत मंगळवारी पहाटेच रांग लागलेली असते. कुणी सोलापूरचं, कुणी लातूर-उदगीरकडचं, कुणी थेट कलबुर्गीहून आलेलं. गोमुख तीर्थावर हातपाय धुवायचे आणि पुढं सरकायचं. चौघडा सुरू होतो आणि गर्दीतून आरोळी उठते, “आई राजा उदो उदो!”

शुक्रवारही देवीचाच, पौर्णिमाही देवीचीच. तरी मराठवाड्यात ‘देवीचा वार’ म्हटलं की आधी मंगळवारच आठवतो. आणि का आठवू नये? साडेतीन शक्तिपीठांपैकी दोन पूर्ण पीठं याच भूमीत आहेत, तुळजापूर आणि माहूर. अंबाजोगाईची योगेश्वरीही इथलीच.

(दृश्य: भिंतीवरचं पंचांग. बोट मंगळवारच्या चौकटीवर.)

वाराला नाव मात्र देवीचं नाही, ग्रहाचं आहे. जुन्या ज्योतिषानं ग्रह त्यांच्या गतीनं मांडले. सगळ्यांत सावकाश शनी, मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध आणि शेवटी चंद्र. दिवसाचे २४ होरे, म्हणजे तास, याच क्रमानं वाटायचे, चंद्रानंतर पुन्हा शनीपासून, आणि पहिला होरा ज्याचा, त्याचं नाव दिवसाला द्यायचं. सोमवारचा पहिला होरा चंद्राचा. तिथून मोजत गेलात की पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या सूर्योदयाचा होरा मंगळाचा येतो. सोमवारामागून मंगळवार येतो तो या हिशेबानं. आपल्याकडे तिथी आणि नक्षत्रं फार जुनी, वार मागाहून रुळले. मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभलेखात, इ. स. ४८४ मध्ये, तिथीच्या जोडीला गुरुवार कोरलेला आहे. वार सांगणाऱ्या भारतातल्या सगळ्यांत जुन्या लेखांत तो मोजला जातो.

मंगळ आकाशात लालसर दिसतो, म्हणून तो अंगारक. पुराणांनी त्याला पृथ्वीचा मुलगा मानलं, म्हणून तो भौम. आणि तापट मानलं, म्हणून त्याचं भय. मंगळवारी केस कापू नयेत, नखं काढू नयेत, कर्ज काढू नये, हे घरोघरी ऐकायला मिळतं. तेवढ्यावर थांबलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण हेच भय मुलीच्या पत्रिकेत जाऊन बसतं. “मुलीला मंगळ आहे,” एवढ्या एका वाक्यावर जमलेली सोयरीक मोडते. शिकलेली, हाताला काम असलेली मुलगी आणि तिचे आईबाप वर्षानुवर्षं मान खाली घालून स्थळं शोधत राहतात. जो ग्रह अगदी जवळ आला तरी पृथ्वीपासून साडेपाच कोटी किलोमीटर लांब असतो, त्याच्यापायी लेकीबाळींनी हे सोसायचं का? हे थांबलंच पाहिजे, आणि ते आपल्या घरातून थांबलं पाहिजे.

लोकांनी या अंगारकाला दुसरीकडून आपलंसंही केलंय. त्यानं गणपतीची तपश्चर्या केली आणि संकष्टीला मंगळवार आला तर ती त्याच्या नावानं ओळखली जाईल, असा वर मिळवला, अशी कथा आहे. ती अंगारकी. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातल्या राजूरच्या गणपतीला त्या दिवशी माणसांचा पूर लोटतो. आदल्या रात्रीपासून रस्ते पायी चालणाऱ्यांनी भरून जातात. श्रावणातल्या मंगळवारी नव्या नवऱ्या मंगळागौर पुजतात, रात्र झिम्मा-फुगडीनं जागवतात. तोही मंगळवारच.

पण या मातीतला खरा मंगळवार पाहायचा असेल तर जोगवा मागणाऱ्या बाईच्या मागोमाग चालायला हवं.

(दृश्य: गावातली गल्ली. आराधीण, म्हणजे देवीची उपासक बाई. कॅमेरा तिच्या परडीवर, देवीच्या टोपलीवर, थांबतो.)

हातातली ही परडी वेताची, काठ हळदी-कुंकवानं माखून लाल-पिवळे झालेले. आत कुंकवाचा करंडा, कवड्या. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर मळवट. ती दारात उभी राहते आणि जोगवा मागते. घरातली बाई हातातलं काम टाकून उठते, ओंजळभर ज्वारीचं पीठ आणून परडीत घालते, वाकून परडीला हात लावते. आराधीण तिच्या कपाळी कुंकू टेकवते. मग पुढचं दार. पाच घरं झाली की थांबायचं. सहावं घर कितीही सधन असलं तरी तिकडं वळायचं नाही. त्याच पिठाची भाकरी, तिचाच देवीला नैवेद्य.

ही भीक नाही. घरात चार पोती ज्वारी असली तरी देवीची परडी ज्या घरात आहे तिथल्या बाईनं मागूनच आणायचं, मग ती पाटलाची सून का असेना. एरवी ज्या दारात तिनं कधी पाऊल ठेवलं नसतं, तिथं ती ओंजळ पुढं करते. मंगळवारचं मोठेपण आम्हाला या रीतीत दिसतं. पंचांगातल्या मंगळाची धास्ती घेऊन घरात बसण्याऐवजी या बायका त्याच दिवशी उंबरा ओलांडून आईच्या नावानं गावात फिरतात.

पैठणच्या एकनाथांनी हे सोळाव्या शतकात पाहिलं होतं. जोगवा आणि गोंधळ ही रूपं त्यांनी आपल्या भारुडांत घेतली, मोहाला महिषासुर म्हटलं आणि देवीकडे पिठाऐवजी ज्ञान मागितलं. एवढ्या मोठ्या पंडितानं गल्लीतल्या आराधिणीची मागण्याची तऱ्हा उचलली, याचा मराठवाड्याला अभिमान वाटायला हवा.

(दृश्य: संबळ. दोन काठ्यांचा ठेका. दिवटी पेटते.)

गोंधळही पुष्कळदा मंगळवारी नाहीतर शुक्रवारी घालतात. संबळ, तुणतुणं आणि दिवटी एवढ्या सामानावर रात्रभर देव बोलावले जातात. गोंधळ्यांत तुळजाभवानीचे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे रेणुराई.

मंगळवारीच गावात आणखी एक जण यायचा, आजही कुठं कुठं येतो. मरीआईचा, म्हणजे रोगराईच्या देवीचा, पोतराज. कमरेला चिंध्यांचा घेर, पायात घुंगरं, हातात कोरडा म्हणजे चाबूक, सोबतच्या बाईच्या डोक्यावर देवीचा देव्हारा. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या साथीत गावंच्या गावं ओस पडायची, त्या काळी गावाच्या वाटचं भय हा माणूस कोरडे ओढून आपल्या उघड्या पाठीवर घ्यायचा. ते मरीआईला सोडलेपण बापाकडून मुलाकडे यायचं. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीनं या माणसांना वेगळी वाट दाखवली. अनेकांनी वाढवलेले केस कापले, कोरडा टाकला, पोरांना शाळेत घातलं. मंगळवारच्या गोष्टीत त्यांचंही नाव आदरानं घेतलं पाहिजे.

(दृश्य: उसाचा फड. मागं कोप्यांची, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांची रांग.)

दसऱ्यानंतर बीड, धाराशिवकडची कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला जातात. फडावर वार बघून सुटी मिळत नाही. मंगळवार धरणारी बाई दिवसभर कोयता चालवते आणि सांजच्याला एकवेळ जेवते. जिनं परडी सोबत आणलीय तिला इथं पाच घरं म्हणजे पाच कोप्या. मोळ्या वाहून झाल्या की ती हातपाय धुते, मळवट भरते आणि पहिल्या कोपीपुढं उभी राहते. पीठ घेऊन बाहेर येणारी बाईही आत्ताच मोळ्या टाकून आलेली असते.