स्वादुपिंडाची स्लाइड वाचताना

पडद्यावर आहे माणसाच्या स्वादुपिंडाचा काप, जाडी फक्त 4 ते 5 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जांभळा रंग हिमॅटॉक्सिलीनचा, गुलाबी इओसिनचा. हा नमुना काढल्या काढल्या 10 टक्के फॉर्मॅलिन या जतन करणाऱ्या द्रावणात टाकावा लागतो. उशीर झाला की ग्रंथीचे स्वतःचेच पाचकरस तिला पचवू लागतात. पेशींच्या कडा पुसट होतात, केंद्रकं विरतात, आणि अशी स्लाइड वाचण्यात अर्थ नसतो.

आधी 40 पट मोठं करून पाहू. जिकडेतिकडे गडद, दाटीवाटीचे पेशींचे झुबके दिसतात. हे अ‍ॅसिनस, पाचकरस बनवणारे.

आता 400 पट. एका अ‍ॅसिनसवर जरा थांबू. पेशी निमुळत्या आहेत, टोकं मधल्या पोकळीकडे. पेशीचा तळ जांभळा, कारण प्रथिनं बनवणारे रायबोसोम तिथे खच्चून भरलेत. टोकाकडचे गुलाबी दाणे म्हणजे तयार पाचकद्रव्यांचा साठा. त्यातलं ट्रिप्सिनोजेन इथे निष्क्रिय असतं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात एन्टेरोकायनेज हे विकर त्याचं सक्रिय ट्रिप्सिन करतं. हेच काम चुकून इथेच सुरू झालं, तर स्वादुपिंडाला तीव्र सूज येते आणि जिवावर बेतू शकतं.

अ‍ॅसिनसच्या मधोमध एखादं फिकट केंद्रक दिसतंय? ती सेंट्रोअ‍ॅसिनर पेशी, नलिकेची अगदी पहिली पेशी. ती आणि पुढच्या नलिका बायकार्बोनेट सोडतात; त्यामुळे जठरातून आलेलं आम्ल शमतं. कानाजवळच्या पॅरोटिड या लाळग्रंथीशी गल्लत होत असेल तर हीच खूण शोधावी. पॅरोटिडमध्ये ही पेशी नसते, उलट तिथे रेघारेघांच्या नलिका असतात.

मधूनच फिकट ठिपके दिसतात, बहुतेक 100 ते 200 मायक्रॉनचे. 1869 मध्ये बर्लिनचा विद्यार्थी पाउल लँगरहॅन्स याने सशाच्या स्वादुपिंडात ही पेशींची बेटं पाहिली. त्यांचं काम काय, हे मात्र त्याला उमगलं नाही. पूर्ण ग्रंथीत त्यांचा वाटा जेमतेम 1 ते 2 टक्के, पण इन्सुलिन येतं ते इथूनच.

नेहमीच्या या रंगात इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा आणि ग्लुकागॉन हे संप्रेरक बनवणाऱ्या अल्फा पेशी वेगळ्या ओळखता येत नाहीत. त्यासाठी इन्सुलिन आणि ग्लुकागॉनवर चिकटणारी प्रतिपिंडं वापरावी लागतात. तसं केलं की उंदीर आणि माणूस यांतला फरक उघड होतो. उंदरात बीटा पेशी आत आणि अल्फा कडेला. माणसात दोन्ही मिसळलेल्या, केशवाहिन्यांना लागून. म्हणून उंदराच्या बेटाचं चित्र माणसाचं म्हणून दाखवू नये.

टाइप 2 मधुमेहात या बेटांमध्ये बऱ्याचदा गुलाबी, एकजिनसी अमायलॉइड (प्रथिनाचा साठा) साचतं. काँगो रेडनं रंगवून ध्रुवीकृत प्रकाशात पाहिलं, की ते हिरवं चमकतं.