मुतालिकाच्या हाती किल्ली : इजिप्तचा सुभेदार अहमद इब्न तूलून

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर ‘बंडखोर की चाकर?’ असे जे प्रश्नचिन्ह छापले आहे ते माझेच आहे, आणि त्याचे उत्तर द्यायला मी उभा आहे. मात्र मला पूर्वी ऐकलेल्यांना ठाऊक आहे की उत्तराच्या गावी पोहोचण्याआधी माझी गाडी दोन-तीन स्थानकांवर उगाच रेंगाळते.

आधी तक्रार मांडतो. ‘868 साली अहमद इब्न तूलूनने इजिप्तमध्ये स्वतंत्र राज्य स्थापले’ हे वाक्य मी इतक्या पुस्तकांत वाचले आहे की ते लिहिणाऱ्याने आधीचे पुस्तक पाहून उतरवले असावे, अशी माझी खात्री झाली आहे. 868 च्या सप्टेंबरात हा सुमारे तेहेतीस वर्षांचा तुर्क इजिप्तच्या राजधानीत, फुस्तात नगरात, शिरला तेव्हा तो राजा तर नव्हताच, पण धड सुभेदारही नव्हता. अब्बासी खलिफाने इजिप्तचा सुभा बाकबाक नावाच्या तुर्की सरदाराला दिला होता, बाकबाकला इराकातली राजधानी समर्रा सोडून नाईलकाठी जायचे नव्हते, म्हणून त्याने आपल्या सावत्र मुलाला धाडले. आपल्याकडे अशा माणसाला मुतालिक म्हणतात. पद एकाचे, उन्हातान्हात बसायचे दुसऱ्याने.

बाकबाक समर्रा का सोडत नव्हता, हेही समजण्याजोगे आहे. 861 ते 870 या नऊ वर्षांत तिथे निदान चार खलिफांचा खून झाला, आणि प्रत्येक वेळी त्यामागे तुर्की सैनिकांचा हात होता. ‘गुलाम’ म्हटले की आपल्याला पत्त्यांतला राणीच्या खालचा गुलाम आठवतो. समर्रातले गुलाम मात्र राजालाच डावातून उठवीत असत. इब्न तूलूनचा बाप तूलून असाच एक गुलाम. बुखाऱ्याच्या अंमलदाराने खलिफा अल्-मामूनला जी भेट पाठवली, तिच्यात हा माणूस आला आणि पुढे वर चढला. मुलगा मात्र तलवारीबरोबर तार्सस या सरहद्दीवरच्या गावी हदीस, म्हणजे पैगंबरांची वचने, हीही शिकला. पदच्युत खलिफा अल्-मुस्तईनची राखण त्याच्याकडे असताना त्याला ठार करण्याच्या बदल्यात इराकातल्या वासितचा कारभार देऊ केला गेला, तो त्याने नाकारला, असे सांगतात. खून अखेर दुसऱ्याने केला. इब्न तूलूनचे हात स्वच्छ राहिले, आणि त्याला वासितपेक्षा कितीतरी मोठा सुभा मिळाला.

आता माझ्या आवडीची गोष्ट. फुस्तातमध्ये त्याच्या स्वागताला खराजाचा, म्हणजे जमीनमहसुलाचा, अधिकारी इब्न अल्-मुदब्बिर वेशीबाहेर आला. हा गृहस्थ 861 पासून इजिप्तच्या महसुलावर बसलेला, अत्यंत हुशार आणि लोकांत तितकाच नावडता. त्याने नेट्रॉन क्षाराचा सरकारी मक्ता केला होता, आणि गुरांच्या चराईवर व मासेमारीवरही कर बसवले होते. तो एकटा आला नव्हता. त्याच्या मागेपुढे शंभर तगडे, एकसारख्या पोशाखातले गुलाम चालत असत. त्याने नव्या मुतालिकाला दहा हजार दिनारांचा नजराणा पाठवला. इब्न तूलूनने तो परत केला. इथे आपण म्हणू, काय हा निःस्पृह मनुष्य! इब्न अल्-मुदब्बिर मात्र तसे म्हणाला नाही. दहा हजार दिनार परत करणाऱ्या माणसाला भ्यायले पाहिजे, असे त्याचे मत पडले, आणि हिशेबनीस माणसाचे असे मत सहसा चुकत नाही. थोड्याच दिवसांत निरोप आला : मला आपले पैसे नकोत, त्यांच्याऐवजी ते शंभर गुलाम द्यावेत. द्यावे लागले. त्या दिवसापासून गावातले लोक कोणाकडे पाहून बाजूला सरायचे, हे बदलले. पत्रे मात्र समर्राला जातच राहिली. सुभ्याच्या टपालाचा प्रमुख, जो खरे तर खलिफाचा हेर असे, तो इब्न अल्-मुदब्बिरचा साथीदार होता. इब्न तूलूनचेही दरबारात हितचिंतक होते, आणि ते त्याला या पत्रांची खबर देत. 871 मध्ये इब्न अल्-मुदब्बिरची सीरियाला बदली झाली.

या गोष्टीत माझा सगळा सिद्धांत आहे. खलिफांनी सुभ्यात तलवार एकाकडे, तिजोरी दुसऱ्याकडे आणि कान तिसऱ्याकडे ठेवले होते. मोगलांनीही सुभेदार आणि दिवाण वेगळे ठेवले, आणि बंगालमध्ये मुर्शिद कुली खानाकडे दोन्ही एकत्र आल्यावर तो सुभा जवळजवळ स्वतंत्र झाला, हे आपण जाणता. याच कारभारातला एक अरबी शब्द आपण रोज वापरतो : इरसाल. मूळ अर्थ पाठवणी. परगण्याचा वसूल वरच्या खजिन्यात रवाना करणे म्हणजे इरसाल. आज आपण नाठाळ कार्ट्याला इरसाल म्हणतो. इब्न तूलून दोन्ही अर्थांनी इरसाल निघाला.

(संयोजकांची चिठ्ठी आली आहे, आठ मिनिटे. मला मशिदीच्या मिनाराची आणि कागदाच्या गुंडाळीची गोष्ट सांगायची होती, ती राहू द्या. रुग्णालयाची तेवढी सांगतो. त्याने फुस्तातमध्ये रुग्णालय बांधले, दर शुक्रवारी तो पाहणीला जाई. एकदा एका वेड्याने त्याच्याकडे डाळिंब मागून घेतले आणि तेच त्याच्या अंगावर फेकले. त्यानंतर पाहणी बंद झाली.)

तर, मूळ प्रश्न. बाकबाक मारला गेल्यावर सुभा यारजूखला मिळाला, आणि यारजूख होता इब्न तूलूनचा सासरा. त्याने जावयाला लिहिले की स्वतःकडून स्वतःकडे कारभार घे. पुढे खलिफा अल्-मुअ्तमिदने, सत्ता बळकावून बसलेला आपला भाऊ मुवफ्फक याला न कळता पैसे पाठवावेत, असे सांगितले, तेव्हा खराज माझ्या हाती नाही, असे इब्न तूलूनने नम्रपणे कळवले. खलिफाने खराजही दिला. म्हणजे तिजोरीची किल्ली त्याने हिसकावली नाही, मालकानेच ती दिली. वार्षिक वसूल आठ लाख दिनारांवरून त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस त्रेचाळीस लाखांवर गेला, असे इतिहासकार नोंदवतात, कारण आता पैसा इजिप्तमध्येच राहून कालव्यांत आणि जमिनीत जात होता.

मुवफ्फकला दक्षिण इराकातल्या झंज गुलामांच्या बंडाशी लढायला पैसा हवा होता. इब्न तूलूनने बारा लाख दिनार पाठवले, ते मुवफ्फकला अपुरे वाटले, त्याने सैन्य पाठवले, आणि ते सैन्य पगारावाचून वाटेत, युफ्रेटिसकाठच्या रक्का इथेच, अडून विखुरले. 878 मध्ये इब्न तूलूनने सीरिया घेतला. त्यानंतर त्याचे नाव दिनारांवर आले, पण खलिफाच्या नावाखाली; वरची जागा त्याने कधीच घेतली नाही. 882 मध्ये अल्-मुअ्तमिद त्याच्याकडे पळून येऊ पाहत होता आणि वाटेत पकडला गेला. त्यानंतर मिंबरांवरून, म्हणजे मशिदींतल्या व्यासपीठांवरून, दोन्हीकडे शिव्याशाप सुरू झाले. तेव्हाही इब्न तूलूनच्या मशिदींत शाप मुवफ्फकला होता, खलिफासाठी मात्र दुवाच मागितली जात होती. मे 884 मध्ये तो वारला तेव्हाही, निदान त्याच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे, तो खलिफाचा सुभेदारच होता.

म्हणून मी ‘चाकर’ या बाजूला कौल देतो. मात्र या चाकराने धन्याच्या नावाने धन्याच्या घराची तिजोरी रिकामी ठेवली होती. (हो, दोनच मिनिटे.) त्याच्यामागे खुमारवैह आदी मुलांनी आणि नातवंडांनी एकवीस वर्षे काढली. 905 मध्ये अब्बासी सैन्याने फुस्तात घेतले, इब्न तूलूनने वसवलेले अल्-कताई नगर जमीनदोस्त केले, मशीद तेवढी ठेवली. त्याच साली बगदादने (खलिफांची राजधानी आता तिथे होती) इजिप्तला ईसा अन्-नूशरी हा सुभेदार नेमला, आणि खराजासाठी एक निराळा माणूस, अल्-मादराई.