पिच्चर कसा वाटला, आप्पा?

(भुसावळ, मे महिन्यातली दुपार. ओस रस्ता, अर्धी खाली ओढलेली शटरं, खिडकीत घरघरणारा कूलर.)

पारा 44-45 वर गेला की भुसावळ-जळगावात दुपारी कामाशिवाय कोणी बाहेर पडत नाही. पूर्वी याच उन्हात एसी टॉकीज भरायच्या. पडद्यावर काय लागलंय, याच्याशी अर्ध्या लोकांना घेणंदेणं नसायचं. तीन तासांच्या गारव्यातच तिकिटाचे पैसे वसूल! आता तोच माणूस कूलरसमोर आडवा पडून मोबाइलवर सिनेमा लावतो. संध्याकाळी उन्हं उतरली की ओट्यावर त्याचा पंचनामा सुरू होतो.

या माहितीपटात तो पंचनामाच आहे. धुळे, अंमळनेर, शिरपूर, यावल इथली माणसं अलीकडे काय बघतात आणि बघून काय म्हणतात, एवढंच. नवा-जुना हा भेद इथे फारसा कोणी करत नाही. कालचा सिनेमा आणि पन्नास वर्षांपूर्वीचा सिनेमा एकाच रात्री, एकाच बोटाने सरकवून बघितला जातो. आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारला जातो: यात आपलं काय आहे?

हा प्रश्न खान्देशी माणूस विचारतो त्याला कारण आहे. मराठी पडद्यावर कोल्हापूर दिसतं, कोकण दिसतं, पुणं तर दिसतंच दिसतं. खान्देश क्वचित. त्यामुळे इथला प्रेक्षक सिनेमात बारीकसा धागा सापडला तरी तो सोडत नाही.

(धुळे, पाचकंदील. भाजीबाजार. मग एका घराचा ओटा, तीन-चार म्हातारे.)

सुरुवात ‘शोले’पासून, कारण धुळ्यात कोणीही सुरुवात तिथूनच करतं. 15 ऑगस्ट 1975 ला आलेला हा सिनेमा डिसेंबर 2025 मध्ये दुरुस्त प्रतीसह पुन्हा थिएटरात आला, तोही मूळ शेवट घेऊन. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने हरकत घेतली, माजी पोलिस अधिकाऱ्याने कायदा हातात घ्यायचा नाही म्हणून. मग शेवटच्या क्षणी पोलिस धावत येतात असा शेवट चित्रित झाला आणि पन्नास वर्षं आपण तोच बघत आलो.

या ओट्यावरचे आप्पा एसटीतून निवृत्त झालेत. त्यांना हा परत आलेला मूळ शेवट पटलेला नाही.

“पन्नास वरीस पोलिस उनात, आते त्यासले काबर काढं?” (पन्नास वर्षं पोलिस आले, आता त्यांना का काढलं?)

शेजारचे नाना लगेच उसळतात. त्यांचं म्हणणं, पोलिस वेळेवर पोचतात हाच त्या सिनेमातला सगळ्यात खोटा सीन होता.

माझं मत नानांच्या बाजूने. कारण एक बारीक गोष्ट. दुरुस्त प्रतीत रामलाल ठाकूरच्या बुटांना खिळे ठोकताना दिसतो. एक म्हातारा नोकर, हातात हातोडी, समोर मालकाचा बूट. हात नसलेल्या माणसाने सूड घ्यायचा तर तो पायांनीच, आणि त्याची तयारीही दुसऱ्याच्या हातांनी. एवढी तयारी दाखवायची आणि मग पोलिसांची जीप आणायची, म्हणजे पंगत मांडून वाढायचंच नाही. मारून झाल्यावर ठाकूर रडतो, तेही मला हवं होतं. आप्पांना मात्र ठाकूर रडलेला अजिबात चालत नाही. यावर तोडगा निघालेला नाही, चहा दोनदा झाला.

(मालेगावकडे जाणारा रस्ता. मग यंत्रमागांचा आवाज.)

‘शोले’ निघाला की मालेगाव निघतंच. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात आहे, पण 1869 मध्ये नाशिक जिल्हा झाला त्याआधी ते खान्देशात होतं, आणि तिथले विनोदी व्हिडिओ अजूनही स्वतःला खान्देशीच म्हणवतात. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखने 2000 साली ‘मालेगाव के शोले’ केला. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर. हे ऐकून शहरातले लोक हसतात. मालेगावातले लोकही हसले, पण त्यांचं हसू वेगळं होतं. घोडा परवडत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच सायकल बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

याच मंडळींवर रीमा कागतीचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ 28 फेब्रुवारी 2025 ला आला. आदर्श गौरव नासिर झालाय, विनीत कुमार सिंह लेखक फरोग, शशांक अरोरा शफिक. धुळ्यात ज्या पोरांनी बघितला त्यांचं मत जवळजवळ एकमुखी आहे: पहिला भाग भारी, दुसऱ्या भागात रडारड. मला रडारडीचा त्रास झाला नाही. त्रास झाला तो स्वच्छतेचा. गल्ल्या, कपडे, चेहरे, सगळं थोडं जास्तच नीट लावलेलं. यंत्रमागावर बारा तास उभा राहिलेला माणूस संध्याकाळी असा दिसत नाही. त्याच्या केसांत, भुवयांत सुताचा कापूस बसलेला असतो.

म्हणून ज्यांना हा सिनेमा आवडला त्यांना मी एकच सांगतो, फैजा अहमद खानचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट शोधून बघा. त्यात खरा नासिर आहे. सायकलवर कॅमेरा बसवून ट्रॉली शॉट घेणारा, बैलगाडीची क्रेन करणारा. आणि त्यात खरा शफिक आहे, हडकुळा, यंत्रमागावर काम करणारा, सुपरमॅनच्या कपड्यांत. त्याला कर्करोग झाला आणि 2011 मध्ये तो गेला. कागतीच्या सिनेमात शफिकचं दुःख आपल्याला समजावून सांगितलं जातं. माहितीपटात तो नुसता लाजून हसतो आणि काम होऊन जातं.

(शिरपूर. अंगणात दोन बायका, एक लसूण सोलतेय, दुसरीच्या हातात फोन.)

शिरपूरला सिनेमाचा विषय काढला की पहिलं नाव येतं स्मिता पाटील. ती जन्मली पुण्यात, पण वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, त्यामुळे इथे ती ‘आपली पोरगी’च. 13 डिसेंबर 1986 ला ती गेली. आजही इथल्या बायका तिच्याबद्दल बोलताना ‘होती’ न म्हणता ‘आहे’ म्हणून जातात.

तिचा ‘मंथन’ 2024 मध्ये कान महोत्सवात दुरुस्त होऊन दाखवला गेला आणि त्याच जूनमध्ये थिएटरातही आला. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये घालून 1976 साली हा सिनेमा उभा केला. खान्देशात त्यावर फार चर्चा होत नाही, कारण चर्चेची गरज नाही. अमरीश पुरीचा मिश्राजी कोण, हे इथल्या शेतकऱ्याला कोणी सांगावं लागत नाही. दुधाचा फॅट कमी लावणारा माणूस त्याने रोज सकाळी बघितलाय.

भांडण होतं ते ‘उंबरठा’वर. जब्बार पटेलांचा 1982 चा सिनेमा. त्यातली स्मिताची सुलभा महाजन घर, नवरा, लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाची नोकरी करायला जाते. परत येते तेव्हा नवऱ्याचं दुसऱ्या बाईशी जुळलेलं असतं, आणि तो ते शांतपणे सांगतो. ती पुन्हा निघते.

सासूबाई लसूण सोलतासोलता म्हणतात, “एवढी लहान लेक टाकून गेली, हे काही मला पटलं नाही.”

सून फोनवरून मान वर करत नाही. “त्याने केलं ते पटलं का, आई?”

“त्याचं कुठे म्हणतेय मी?”

“मग तेच तर म्हणतेय.”

कॅमेरा सुरू होता म्हणून दोघी इथेच थांबल्या. बंद केल्यावर पुढचं तासभराचं बोलणं ऐकण्यासारखं होतं, पण ते दाखवायचं नाही असं त्यांनी कबूल करून घेतलंय.

मला स्वतःला ‘उंबरठा’त नवऱ्याचं पात्र सगळ्यात जास्त खटकतं आणि म्हणूनच ते चांगलं वाटतं. गिरीश कार्नाड ते ओरडून करत नाहीत. सभ्य, शिकलेला, बायकोच्या बाजूने बोलणारा माणूस. मारकुटा नवरा दाखवला असता तर सासूबाईही सुलभाच्या बाजूने गेल्या असत्या आणि प्रश्न तिथेच मिटला असता.

(अंमळनेर. शाळा सुटण्याची वेळ. सायकली, दप्तरं.)

अंमळनेरला आम्ही सगळ्यात जास्त थांबलो. साने गुरुजी मूळचे कोकणातल्या पालगडचे, पण 1924 पासून 1930 पर्यंत ते इथल्या हायस्कुलात शिक्षक होते. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता प्रवचनं त्यांनीच उतरून घेतली. ‘श्यामची आई’ त्यांनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. म्हणजे गोष्ट कोकणची, सांगणारा आमचा. अंमळनेरात हे वाक्य कोणीही ऐकवतं.

या पुस्तकावर दोन सिनेमे. आचार्य अत्र्यांचा 1953 चा, ज्याला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. आणि सुजय डहाकेचा 2023 चा, ज्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार 2025 मध्ये जाहीर झाला. मध्ये सत्तर वर्षं, आणि नवाही कृष्णधवल! इथल्या एका निवृत्त गुरुजींनी दोन्ही पाठोपाठ बघितले. नातवाला बरोबर बसवलं होतं. नातू दुसऱ्याच्या मध्यावर झोपला, पहिल्यात मात्र जागा राहिला.

का, यावर आमची बरीच वादावादी झाली. जुन्या सिनेमातली वनमालाबाईंची आई प्रेमळ आहे, पण तिची भीतीही वाटते. विहिरीत पोहायला घाबरणाऱ्या श्यामला ती ज्या तऱ्हेने घराबाहेर काढते, ते बघताना आज एखादी आई कदाचित तक्रार करील. पण पोराला कळतं की ही बाई आत्ता काय करील याचा नेम नाही, म्हणून ते बघत राहतं. माधव वझेंचा श्यामही नाटकी नाही; तो खरोखरच घाबरलेला दिसतो. आवाज जुना झालाय, गाणं सुरू झालं की गोष्ट थबकते, पण ‘भरजरी गं पितांबर’ लागलं की ओट्यावरच्या बायका गातात, आणि मग गोष्ट थबकली तर थबकू दे.

नव्या सिनेमाची चौकट न् चौकट देखणी आहे. इतकी की कधीकधी आपण आईऐवजी प्रकाश बघत बसतो. पण त्यात एक गोष्ट आहे जी अंमळनेरला जिव्हाळ्याची वाटली: मोठे झालेले साने गुरुजी. ओम भूतकरने ते केलेत. त्या निवृत्त गुरुजींचं म्हणणं, मला तर त्यांचाच सिनेमा हवा होता. इथल्या वसतिगृहातले गुरुजी. मुलं शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडणारे, अंथरुणं घडी करणारे, मुलांसाठी हाताने लिहून रोजचं ‘छात्रालय’ काढणारे. हे सांगताना ते इतके रंगले की नातवाने मोबाइल बाजूला ठेवला.

असा सिनेमा कोणी केला तर तो आईचा नसेल, आणि कदाचित म्हणूनच करायला अवघड.

बहिणाबाईंचंही थोडंफार असंच झालं. आसोद्याची ही बाई 1951 मध्ये गेली, कविता 1952 मध्ये छापल्या गेल्या, आणि 1961 च्या ‘मानिनी’तून ‘अरे संसार संसार’ महाराष्ट्रभर गेलं. जळगाव भागातल्या घरांत हे गाणं पाठ नाही असं घर विरळा. सिनेमा बघितलेला माणूस मात्र आम्हाला शोधावा लागला.

(यावल तालुक्यातलं शेत, थंडीतली रात्र. पेटलेल्या काड्यांवर वांगी भाजली जातायत.)

भरीत पार्टीत सिनेमाचा विषय निघेल असं वाटलं नव्हतं, आणि ‘साबर बोंडं’चा तर नक्कीच नाही. रोहन कानवडेचा हा सिनेमा 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवातून मोठं पारितोषिक घेऊन आला. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा आणि त्याचा गावातला जुना मित्र, या दोन पुरुषांतल्या प्रेमाची गोष्ट. केळी पिकवणाऱ्या एका भाऊंनी तो बघितला होता. त्यांनी आधी सुतकाबद्दल सांगितलं. कोणी काय खायचं, कोणी कुठे बसायचं, नातेवाईक लग्नाचा विषय कसा काढतात, सगळं बरोबर आहे म्हणाले. मग वांगं उलटं करत म्हणाले, “बाकीचं पण मी बघितलं. पुढे ढकललं नाही.”

कोणी काही बोललं नाही. मग कोणीतरी मिरची जास्त झाल्याची तक्रार केली.

मला वाटतं सुतक खोटं असतं तर भाऊंनी बाकीचंही मानलं नसतं. 

(नंदुरबार. लग्नाची वरात, डीजे.)

आता तक्रार. अहिराणी, म्हणजे आमची खान्देशी बोली, पडद्यावर नाही असं नाही. ‘हाई झुमका वाली पोर’वर अख्खा महाराष्ट्र नाचला, अहिराणी विनोदी व्हिडिओ ती न समजणारेही बघतात. पण आमची बोली आली की एकतर नाचायचं नाहीतर हसायचं. अहिराणीत कोणी चिडत नाही, कोणी कर्जाचा हिशोब करत नाही, कोणी बापाशी वर्षभर अबोला धरत नाही. हे सगळं घरात रोज अहिराणीतच होतं.

नंदुरबारचा एक पोरगा लघुपट करतोय. विषय: मेमधल्या वादळात केळीचा बाग आडवा होतो आणि दोन भाऊ पंचनाम्याची वाट बघतात. विनोद नाही, असं त्याने ठरवलंय. कॅमेरा मित्राच्या लग्नाच्या शूटिंगचा, भाऊ म्हणून त्याचाच मामेभाऊ. अडचण एकच आहे. शेत आईच्या नावावर आहे, आणि गाणं नसेल तर शेतात शूटिंग करू देणार नाही, असं तिने सांगून ठेवलंय.