क्लाइव्ह सुलिव्हानला मैदान कुणी दिलं?

नमस्कार मंडळी. रग्बी लीग हा खेळ आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिला असेल, म्हणून आधी त्याची ओळख करून देतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याला पकडतात, तसं इथे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून खाली पाडतात. फरक एवढाच की पकडला गेलेला खेळाडू बाद होत नाही. तो उठतो, चेंडू टाचेनं मागे सरकवतो आणि त्याच्या संघाची पुढची धडक सुरू होते. पूर्वी या पकडींना मर्यादा नव्हती. 1966 साली चार पकडींचा नियम आला आणि 1972 मध्ये त्या सहा झाल्या. संघात तेरा जण असतात. कडेच्या रेषेलगत पळणारा तो विंगर. आजचा आपला नायक विंगर होता.

हा खेळ मजुरीच्या प्रश्नातून जन्मला. इंग्लंडच्या उत्तरेतले गिरणी कामगार आणि खाणकामगार शनिवारी रग्बी खेळायचे, तेव्हा त्यांचा अर्ध्या दिवसाचा पगार बुडायचा. क्लबांनी तो भरून द्यावा, अशी मागणी झाली. हौशी खेळात पैसा नको, असं म्हणत रग्बी युनियनच्या धुरिणांनी ती फेटाळली. ज्यांना बुडालेल्या पगाराची चिंता कधी करावीच लागली नाही, त्यांच्या तोंडी हे तत्त्व शोभूनही दिसत असेल. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि वेगळे झाले. त्यांचा खेळ तो लीग, मूळचा तो युनियन. त्यानंतर युनियननं शंभर वर्षं सूड घेतला. ज्यानं लीगचा पैसा घेतला, त्याला युनियनचं दार आयुष्यभर बंद. वेल्ससारख्या देशात, जिथे युनियन म्हणजे जवळजवळ धर्मच, तिथे ही शिक्षा सामाजिक बहिष्काराइतकी जड होती.

तरीही वेल्सचे खेळाडू उत्तरेकडे जात राहिले. बहुतेक जण पैशासाठी गेले. पण कार्डिफच्या गोदीलगतच्या वस्त्यांमधल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी आणखी एक कारण होतं. वेल्सच्या युनियन संघात 1980च्या दशकापर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू दिसला नाही. यातल्याच टायगर बे वस्तीतला बिली बॉस्टन 1953 साली विगन क्लबला गेला आणि त्या क्लबसाठी त्यानं 478 ट्राय केले. ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं. हाच बॉस्टन 2025 मध्ये, नव्वदीत, 'सर' झाला. या खेळातला 'सर' झालेला तो पहिलाच.

क्लाइव्ह सुलिव्हान 9 एप्रिल 1943 रोजी कार्डिफच्या स्प्लॉट भागात जन्मला. त्याचं कुळ जमैकाचं. लहानपणी पायांवर आणि खांद्यांवर इतक्या शस्त्रक्रिया झाल्या की हा मुलगा नीट चालेल की नाही, याचीच डॉक्टरांना शंका होती. पुढे तो सैन्यात गेला. तिथे त्याचं नाव रग्बीच्या सामन्यासाठी आलं. जुन्या दुखण्याबद्दल सांगावं तर सैन्यातून काढतील, ही भीती. म्हणून मुद्दाम सुमार खेळायचं त्यानं ठरवलं होतं, असं सांगतात. पण चेंडू हातात आला, समोर मोकळी जागा दिसली आणि पाय ऐकेनात. तो थेट गोलरेषेपर्यंत पळाला.

त्यानंतर ब्रॅडफर्डच्या क्लबनं त्याची चाचणी घेतली आणि नाकारलं. डिसेंबर 1961 मध्ये हल शहरातल्या हल एफसी या क्लबनं बोलावलं. चाचणीला आलेल्या वेल्श खेळाडूचं खरं नाव कधी जाहीर करत नसत, कारण ते युनियनला कळलं आणि निवड झाली नाही, तर माणूस दोन्हीकडून गेला. म्हणून ब्रॅम्लीविरुद्धच्या त्या सामन्यात तो 'मिस्टर एक्स' म्हणून उतरला. त्यानं तीन ट्राय केले आणि लगेच करार झाला.

इथे मला जरा थांबायचं आहे. कारण हे सगळं ज्याच्या नजरेखाली घडलं, त्या माणसाची ओळख झाल्याशिवाय सुलिव्हानची कारकीर्द नुसती आकडेवारी वाटेल. हलचा तेव्हाचा प्रशिक्षक रॉय फ्रान्सिस. कार्डिफमध्ये जन्मलेला, ब्रिनमॉरमध्ये वाढलेला, स्वतः कृष्णवर्णीय. तोही अगदी कोवळ्या वयात विगनला गेला होता आणि 1947 साली ग्रेट ब्रिटनकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला होता. त्याच्या आदल्या वर्षी, 1946 मध्ये, ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी मात्र त्याला वगळलं गेलं. ऑस्ट्रेलियातल्या वर्णभेदाला बाध येऊ नये म्हणून, असंच आजवर मानलं जातं. पुढे तो हलचा प्रशिक्षक झाला आणि 1956 व 1958 साली त्यानं क्लबला अजिंक्यपद मिळवून दिलं. खेळाडूंचं चित्रीकरण करून ते त्यांना दाखवणं, त्यांच्या बायकामुलांना सामन्याला आणण्याची सोय करणं, असल्या गोष्टी तो त्या काळात करत होता.

सुलिव्हानची गुणवत्ता खणखणीत होती, यात वादच नाही. पण ब्रॅडफर्डनं तोच मुलगा पाहिला आणि परत पाठवला. हलमध्ये जो पारखी बसला होता, तो स्वतः त्याच वाटेनं आला होता. मोठ्या खेळाडूंच्या चरित्रांत जिद्दीची पानंच्या पानं असतात. दार आतून कुणी उघडलं, हे मात्र एका ओळीत उरकतात. माझी खरी तक्रार त्या एका ओळीबद्दल आहे.

पुढची वर्षं सोपी नव्हती. 1963 मध्ये मोटार अपघातात सुलिव्हान मरणाच्या दारातून परतला आणि काही महिन्यांत पुन्हा मैदानावर उतरला. 1968 मध्ये डॉनकास्टरविरुद्ध त्यानं एकाच सामन्यात सात ट्राय केले. त्याच वर्षीच्या विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध तीन.

मग आलं 1972. त्या वर्षी तो ग्रेट ब्रिटनचा कर्णधार झाला. ब्रिटनच्या कोणत्याही खेळातल्या राष्ट्रीय संघाचा हा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. या घटनेचं वजन कळण्यासाठी फुटबॉलकडे पाहा. इंग्लंडच्या वरिष्ठ फुटबॉल संघातून कृष्णवर्णीय खेळाडू पहिल्यांदा पूर्ण आंतरराष्ट्रीय सामना खेळला, तो व्हिव्ह अँडरसन, 1978 साली. पॉल इन्सच्या दंडावर कर्णधाराची पट्टी चढायला 1993 उजाडलं.

विश्वचषक फ्रान्समध्ये होता. ब्रिटननं साखळीतले तिन्ही सामने जिंकले, त्यात ऑस्ट्रेलियाला 27-21 असं हरवलं. अंतिम सामना 11 नोव्हेंबरला लियोंच्या जेरलां मैदानावर, पुन्हा ऑस्ट्रेलियाशीच. प्रेक्षक जेमतेम चार हजार. ऑस्ट्रेलिया आघाडीवर असताना सुलिव्हाननं आपल्याच अर्ध्यातून चेंडू घेतला आणि कडेच्या रेषेलगत सुमारे 80 यार्ड पळून ट्राय केला. स्पर्धेतल्या चारही सामन्यांत त्यानं ट्राय केला होता. नंतर माइक स्टीव्हन्सननं दुसरा ट्राय केला, टेरी क्लॉसननं किक साधली आणि गुण झाले 10-10. जादा वेळेतही कोंडी फुटली नाही. साखळीत अव्वल असल्यामुळे चषक ब्रिटनला मिळाला. ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅम लँग्लंड्सचा एक अप्रतिम ट्राय पंचांनी नाकारला होता, हेही सांगायला हवं. तो वैध होता, असं आजही अनेक जण म्हणतात. त्यानंतर आजवर ग्रेट ब्रिटन किंवा इंग्लंड यांच्यापैकी कुणालाच हा विश्वचषक जिंकता आलेला नाही.

हल शहर नदीनं दुभंगलेलं आहे. पश्चिमेला काळ्या-पांढऱ्या जर्सीचा हल एफसी, पूर्वेला लाल-पांढऱ्या जर्सीचा हल किंग्स्टन रोव्हर्स. एका घरात दोन्हीकडचे चाहते असले, तर सामन्याच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर शांतता असते म्हणतात. एफसीसाठी 250 ट्राय केल्यावर सुलिव्हान 1974 मध्ये नदी ओलांडून रोव्हर्सकडे गेला. दुसरा कुणी असता, तर पश्चिमेनं त्याचं नाव टाकलं असतं. याचं टाकलं नाही. पूर्वेकडेही त्यानं 118 ट्राय केले. दोन्ही क्लबांसाठी शंभरावर ट्राय करणारा तो एकमेव आहे. मला त्याच्या चषकांपेक्षाही हे मोठं वाटतं, कारण असा लोभ गुणफलकावर मिळवता येत नाही.

मे 1982 मध्ये चॅलेंज चषक या लीगच्या बाद फेरीच्या स्पर्धेचा अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि लीड्सच्या एलंड रोडवर तो पुन्हा खेळवावा लागला. एफसीला विंगर कमी पडला. तेव्हा सुलिव्हान 39 वर्षांचा होता आणि क्लबच्या प्रशिक्षणाच्या कामाला परतला होता. त्यानंच बूट चढवले आणि विडनेसला 18-9 असं हरवणाऱ्या संघात तो होता.

8 ऑक्टोबर 1985 रोजी कर्करोगानं तो गेला. वय अवघं 42. हलला पश्चिमेकडून येणाऱ्या हमरस्त्याला आज 'क्लाइव्ह सुलिव्हान वे' म्हणतात. कार्डिफला मात्र फार उशीर झाला. जुलै 2023 मध्ये कार्डिफ बेमध्ये बॉस्टन, कार्डिफचाच लीग खेळाडू गस रिस्मन आणि सुलिव्हान यांचा एकत्र पुतळा उभा राहिला. तोवर सुलिव्हानला जाऊन 38 वर्षं होत आली होती.

त्याचा मुलगा अँथनी हाही विंगर. तो लीग खेळला, सेंट हेलन्सकडून नावारूपाला आला. 1995 मध्ये युनियननं पैशावरची बंदी उठवली आणि 2001 मध्ये अँथनी कार्डिफच्या युनियन क्लबकडे गेला. त्याच वर्षी तो वेल्सच्या युनियन संघातून खेळला.